टेनिस रॅकेटच्या तारांचा ताण

टेनिस रॅकेटच्या तारांचा ताण : रॅकेटच्या अंडाकृती चौकटीत जाळे विणताना प्रत्येक तार ज्या बलाने ओढून पक्की करतात, त्या बलास तारेचा ताण असे म्हणतात. तो किलोग्रॅममध्ये किंवा पौंडांमध्ये सांगण्याची प्रथा आहे (१ किग्रॅ. = सु. २·२ पौंड). आजच्या बहुतेक रॅकेटींसाठी तो २० ते २७ किग्रॅ. च्या दरम्यान ठेवतात. तारा बसविण्याच्या कामाला आपल्याकडील खेळाडू व दुकानदार ‘गटिंग’ म्हणतात. गट म्हणजे आतडे. आतड्याच्या तातीची जागा बहुतांशी कृत्रिम धाग्यांनी घेऊन कित्येक दशके लोटली, तरी शब्द टिकून राहिला आहे. गटिंगसाठी रॅकेट दिली की ‘किती पौंड?’ हा प्रश्न हमखास येतो. पुष्कळ खेळाडूंजवळ त्याचे उत्तर नसते. असलेच तर ते एखाद्या नामवंत खेळाडूविषयी वाचलेल्या आकड्यावरून उचललेले असते.

ताणासंबंधी दोन समज फार रूढ आहेत. तारा जितक्या घट्ट तितका फटका जोरदार, हा पहिला. आणि यंत्रावर लावलेला आकडा म्हणजेच रॅकेटमधील ताण, हा दुसरा. दोन्ही चुकीचे आहेत. चेंडूला आणि खेळाडूच्या हाताला जे जाणवते, तो तारांच्या जाळ्याचा एकूण ताठपणा होय. तो ताणावर अवलंबून असतोच. पण तारेचा पदार्थ व जाडी, रॅकेटच्या डोक्याचे आकारमान, उभ्याआडव्या तारांची संख्या आणि तारा बसवून किती दिवस झाले, यांवरही तो तितकाच अवलंबून असतो. म्हणून एका खेळाडूचा आकडा दुसऱ्याच्या रॅकेटला जसाच्या तसा लागू पडत नाही. टेनिसच्या नियमांतही ताणाला खालची वा वरची मर्यादा घातलेली नाही. निवड सर्वस्वी खेळाडूवर सोपविलेली आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : बंदिस्त जागेत खेळल्या जाणाऱ्या जुन्या टेनिसच्या रॅकेटींना मेंढीच्या आतड्याच्या ताती लावीत. वॉल्टर विंगफील्ड यांनी १८७४ मध्ये इंग्लंडमध्ये लॉन टेनिसचे पेटंट मिळविले आणि पुढच्याच वर्षी फ्रान्समधील लीआँ येथे प्येर बाबोला यांनी या खेळासाठी ताती तयार करण्यास प्रारंभ केला. पुढे मेंढीऐवजी गाईगुरांच्या आतड्याचा उपयोग रूढ झाला [→ टेनिस].

लाकडी रॅकेटचे डोके लहान, सु. ४२० ते ४५० चौ. सेंमी. क्षेत्रफळाचे असे. ताणाखाली व दमट हवेत लाकूड वाकते; म्हणून खेळ संपल्यावर रॅकेट चौकोनी लाकडी प्रेसमध्ये घालून चारही कोपऱ्यांचे स्क्रू आवळून ठेवीत. जुन्या जिमखान्यांतून असे प्रेस कोठे कोठे अजून पाहावयास मिळतात. लाकडी चौकटीवर किती ताण घालता येतो याची परिसीमा स्वीडनच्या ब्यॉर्न बोर्ग याने गाठली. तो सु. ३६ किग्रॅ. (८० पौंड) ताणाच्या ताती वापरीत असे. रात्री त्याच्या खोलीत ठेवलेल्या रॅकेटींच्या ताती आपोआप तुटल्याचे आवाज येत, अशी हकीकत सांगितली जाते. १९८० च्या विंबल्डन स्पर्धेच्या अंतिम सामन्यातील त्याचा प्रतिस्पर्धी जॉन मॅकेन्रो मात्र त्या मानाने बऱ्याच सैल ताती वापरी. एकाच हिरवळीवर, एकाच चेंडूने, इतक्या भिन्न ताणाच्या रॅकेटींनी त्या दोघांनी टेनिसच्या इतिहासातील एक अविस्मरणीय सामना खेळून दाखविला. योग्य ताण म्हणून एकच आकडा नसतो, याचे याहून चांगले उदाहरण देता येणार नाही.

धातूच्या चौकटी १९६० नंतरच्या दशकात प्रचारात आल्या. १९७६ मध्ये हॉवर्ड हेड यांच्या रचनेनुसार सु. ७१० चौ. सेंमी. डोक्याची रॅकेट अमेरिकेत निघाली आणि ताणाचे जुने कोष्टक निरुपयोगी ठरले. कारण डोके मोठे झाले की तारा लांब होतात व त्याच ताणाला जाळे अधिक सैल वागते. पुढे ग्रॅफाइटच्या हलक्या व ताठ चौकटींनी लाकूड आणि धातू या दोहोंना मागे टाकले.

जाळ्याच्या रचनेने खेळ केवढा बदलू शकतो, याचा प्रत्यय १९७७ मध्ये आला. पश्चिम जर्मनीतील वेर्नर फिशर यांनी तयार केलेल्या ‘स्पॅगेटी’ रॅकेटमध्ये उभ्या तारांचे दोन थर असत. ते आडव्या तारांत विणलेले नसत व त्यांवर प्लॅस्टिकच्या नळ्या चढविलेल्या असत. सैल उभ्या तारा चेंडूबरोबर बाजूला सरकत आणि झटक्याने परत येताना चेंडूला विलक्षण फिरकी देत. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये फ्रान्समधील एक्स-आँ-प्रोव्हाँस येथे इली नास्तासे या रॅकेटने खेळला आणि मातीच्या मैदानावर सलग ५३ सामने जिंकत आलेला गिलेर्मो विलास दोन सेट हरल्यावर सामना अर्धवट सोडून निघून गेला. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने अशा रॅकेटवर बंदी घातली व १९७८ मध्ये रॅकेटची व्याख्या नियमांत प्रथमच समाविष्ट झाली. तारा एकमेकींत आलटूनपालटून विणलेल्या असाव्यात व जाळे सर्वत्र सारखे असावे, ही अट तेव्हापासूनची आहे.

ताण व फटका : चेंडू जाळ्यावर सु. ५ सहस्रांश सेकंद टेकतो. ५८ ग्रॅ. वजनाचा चेंडू सेकंदाला २० मी. वेगाने आला व ३० मी. वेगाने परत गेला, तर एवढ्या अल्प काळात त्याच्यावर सरासरी सु. ६० किग्रॅ. वजनाइतके बल कार्य करते. परमोच्च क्षणी ते याहून बरेच अधिक असते. या बलाने चेंडू चपटा होतो आणि जाळ्याला खळगा पडतो. खळग्यात साठलेली ऊर्जा तारा जवळजवळ सर्वच, नव्वद टक्क्यांहून अधिक, परत देतात. चेंडू मात्र याबाबतीत उधळ्या आहे. २५४ सेंमी. उंचीवरून कठीण जमिनीवर सोडलेला चेंडू सु. १४० सेंमी. पर्यंतच वर येतो. म्हणजे चपटे होण्यात खर्ची पडलेल्या ऊर्जेचा मोठा भाग तो गमावतो. तारा सैल असल्या की खळगा खोल पडतो, चेंडू कमी चपटा होतो व ऱ्हास कमी होतो. म्हणून जोर वाढतो तो सैल तारांनी, घट्ट तारांनी नव्हे.

तथापि हा लाभ वाटतो त्याहून पुष्कळच कमी आहे. ताण ५ किग्रॅ. ने उतरविला, तरी सर्व्हिसच्या वेगात पडणारा फरक एखाद्या टक्क्याच्या आसपासच राहतो. मग तारा सैल केल्यावर चेंडू बेसलाइनच्या बाहेर का जाऊ लागतो? याचे मुख्य कारण वेग नसून दिशा हे आहे. सैल जाळ्यावर चेंडू किंचित अधिक काळ राहतो. तेवढ्यात रॅकेट वर चढत व वळत असते, त्यामुळे चेंडू थोड्या उंच कोनात सुटतो. कोनातील एखाद्या अंशाचा फरकही मैदानाच्या दुसऱ्या टोकाशी अर्धा ते एक मीटर होऊन बसतो. खेळाडू ज्याला ‘जोर’ म्हणतो ती बहुधा चेंडूची लांबी असते, आणि ज्याला ‘नियंत्रण’ म्हणतो ते चेंडू ठरावीक कोनात सुटण्याविषयीची खात्री असते. या दोन शब्दांच्या घोटाळ्यामुळे ताणाविषयीच्या अनेक चर्चा निष्फळ होतात.

जाळ्याच्या ताठपणाचे गणित एका तारेवरून समजू शकते. तारेचा ताण ‘त’, लांबी ‘ल’ आणि मध्याशी पडलेल्या खळग्याची खोली ‘ख’ मानल्यास तार चेंडूला जे बल परत लावते ते सु. ४ × त × ख ÷ ल एवढे असते. ३२ सेंमी. लांबीची तार २५ किग्रॅ. ताणाने बसविली व तिला २ सेंमी. खळगा पडला, तर हे बल ६·२५ किग्रॅ. येते. लांबी छेदस्थानी असल्याने तार दहा टक्क्यांनी लांब झाली, तर तेवढाच ताठपणा राखण्यासाठी ताणही दहा टक्क्यांनी वाढवावा लागतो. मोठ्या डोक्याच्या रॅकेटवर अधिक ताणाची शिफारस छापलेली असते, ती यामुळे.

पण गणित येथे संपत नाही. २ सेंमी. खळगा पडताना ती तार सु. २·५ मिमी. लांबते आणि या लांबण्यामुळे मूळच्या ताणात आणखी ताणाची भर पडते. ही भर किती पडते ते तारेच्या पदार्थावर ठरते. आतड्याची तात सहज लांबते, म्हणून तिच्यात भर थोडी पडते; पॉलिएस्टर लांबण्यास विरोध करते, म्हणून त्यात ती कितीतरी अधिक पडते. शिवाय खळगा दुप्पट झाला की लांबणे चौपट होते. म्हणजे हलक्या फटक्यात प्रामुख्याने बसविलेला ताण जाणवतो, तर जोरदार फटक्यात तारेचा पदार्थ. एकाच ताणाच्या दोन रॅकेटी ड्रॉप शॉट खेळताना सारख्या वाटाव्यात आणि स्मॅश मारताना एक मऊ व दुसरी फळीसारखी वाटावी, याचे रहस्य यातच आहे.

तारांचे पदार्थ : नैसर्गिक तात गाईगुरांच्या आतड्याच्या बाह्य आवरणाच्या पट्ट्या एकत्र पिळून, वाळवून व घासून तयार करतात. एका रॅकेटला सु. १२ मी. तार लागते, तेवढ्या तातीसाठी एकाहून अधिक जनावरांची आतडी खर्ची पडतात, त्यामुळे ती महाग असते. ताण भारी असतानाही मऊपणा टिकवून धरणे व दिवसेंदिवस ताण फारसा न गमावणे हे तिचे गुण अजून कोणत्याही कृत्रिम धाग्यात पूर्णतः उतरलेले नाहीत. पीट सँप्रस लहान डोक्याच्या रॅकेटमध्ये बारीक तात सु. ३४ किग्रॅ. ताणाने लावीत असे. तेवढ्या ताणाने पॉलिएस्टर लावले असते, तर त्या रॅकेटने त्याला फार काळ खेळता आले नसते. तातीचा शत्रू म्हणजे ओलावा. मुंबई व कोकणच्या पावसाळी हवेत ती फुगते व तिचे पदर सुटू लागतात. आधुनिक तातींवर संरक्षक लेप असतो, पण तो एकदा झिजला की पुढची गत तीच.

नायलॉन हा सर्वसामान्य खेळाडूचा धागा होय. एका जाड गाभ्याभोवती बारीक धागे गुंडाळलेला साधा प्रकार स्वस्त व टिकाऊ असतो. शेकडो सूक्ष्म तंतू एकत्र बांधून केलेला बहुतंतू प्रकार मऊपणात तातीच्या बराच जवळ जातो. केव्हलारचे धागे सर्वांत ताठ असतात आणि आता क्वचितच वापरले जातात.

पॉलिएस्टरची गोष्ट वेगळी आहे. १९९७ मध्ये ब्राझीलच्या गुस्ताव्हो क्वेर्तेन याने बेल्जियममधील लक्सिलॉन कंपनीची पॉलिएस्टर तार वापरून फ्रेंच स्पर्धा जिंकली आणि काही वर्षांतच व्यावसायिक खेळाडूंत या तारेचा प्रसार झाला. ही तार ताठ असते, लवकर तुटत नाही आणि मुख्य म्हणजे गुळगुळीत असते. चेंडूला खालून वर घासताना उभ्या तारा आडव्या तारांवरून सरकतात व चेंडू सुटण्यापूर्वी मूळ जागी उसळून येतात. त्यातून अधिक फिरकी मिळते. स्पॅगेटी रॅकेटची करामत येथे नियमाच्या चौकटीत राहून साधली जाते. फिरकीमुळे चेंडू मैदानात लवकर उतरतो. म्हणून पूर्वी जे नियंत्रण घट्ट तारांतून मिळवीत, ते आता फिरकीतून मिळविता येते व ताण कमी ठेवता येतो. सँप्रसच्या काळाच्या तुलनेने आजच्या व्यावसायिक खेळाडूंचा ताण सर्वसाधारणपणे उतरला आहे. फ्रान्सचा आद्रियाँ मानारिनो तर त्याच्या निम्म्याहूनही कमी ताणाने खेळत आला आहे. दोन पदार्थ एकत्र वापरण्याचीही पद्धत आहे. रॉजर फेडररने उभ्या तारांना नैसर्गिक तात व आडव्यांना पॉलिएस्टर अशी जोडी अनेक वर्षे वापरली.

बसविलेला ताण व उरलेला ताण : सोळा उभ्या तारा प्रत्येकी २५ किग्रॅ. ने ओढल्या की चौकटीचे माथे व गळा यांना एकमेकांकडे खेचणारे एकूण बल ४०० किग्रॅ. होते, एकोणीस आडव्या तारांचे बल ४७५ किग्रॅ. भरते. चौकट हा भार सहन करते, कारण दोन्ही दिशांची बले एकमेकांना सावरून धरतात. अर्धवट विणलेली रॅकेट तशीच सोडणे किंवा जुन्या तारा एका कडेने भराभर कापत जाणे म्हणूनच धोक्याचे असते. तारा मध्यापासून सुरुवात करून कडांकडे, उभी व आडवी अशा आलटूनपालटून कापाव्यात. एक तार तुटली की शक्य तितक्या लवकर बाकीच्याही कापून काढाव्यात, असे अनुभवी कारागीर सांगतात ते याच कारणासाठी.

यंत्रांमध्येही फरक असतो. विजेवर चालणारी व वजनावर चालणारी यंत्रे चिमटा बसेपर्यंत तार सतत ओढत राहतात. हाताने फिरवावयाच्या स्प्रिंगच्या यंत्रात ठरलेला ताण येताच यंत्र अडकते. तेथून चिमटा लावेपर्यंतच्या काही सेकंदांत तार सैलावते. त्यामुळे एकाच आकड्याला दुसऱ्या प्रकारच्या यंत्राचे जाळे थोडे मऊ निघते. आडव्या तारा विणताना उभ्या तारांशी घर्षण होऊन काही ताण वाटेतच मुरतो. गाठ मारताना शेवटची तार आणखी ढिली पडते. यंत्रावर ‘५५’ हा आकडा असला, तरी रॅकेट हातात येते तेव्हा तारांत तेवढे पौंड नसतात. दुकान बदलले की ताण बदलल्यासारखा वाटतो, ही तक्रार बहुधा खरी असते. त्यात कोणाची लबाडी असतेच असे नाही. एकाच कारागिराकडे एकाच यंत्रावर काम करून घेणे हे अचूक आकड्यापेक्षा अधिक मोलाचे आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

तारा बसविल्यावर पहिल्या दिवसातच, एकही चेंडू न मारता, ताण सु. दहा टक्क्यांनी उतरतो. ताणलेल्या धाग्यातील रेणू हळूहळू नव्या स्थितीशी जुळवून घेतात, त्याचा हा परिणाम होय. पुढे ही घट मंदावते, पण थांबत नाही. नैसर्गिक तात सर्वांत कमी गमावते, नायलॉन त्याहून अधिक, आणि पॉलिएस्टर सर्वांत अधिक. भर उन्हात उभ्या मोटारीत रॅकेट ठेवली की ही घट वेगाने होते. तारा तुटल्या नाहीत म्हणजे त्या चांगल्या आहेत, ही समजूत पॉलिएस्टरच्या बाबतीत विशेष घातक आहे. ही तार अभंग राहूनही निर्जीव होते. सरकलेल्या तारा जागेवर परत येत नाहीत, चेंडू कधी लांब तर कधी आखूड पडतो आणि खेळाडू आपल्या फटक्यात दोष शोधीत बसतो.

ताण उतरल्याचे हाताला कळते का, या प्रश्नाचे उत्तर काहीसे अनपेक्षित आहे. ऑस्ट्रेलियात रॉड क्रॉस व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० नंतरच्या दशकात निष्णात खेळाडूंच्या हाती भिन्न ताणाच्या रॅकेटी देऊन परीक्षा घेतली. तेव्हा बहुसंख्य खेळाडूंना ५ किग्रॅ. पर्यंतचा फरक खात्रीने ओळखता आला नाही. यात नवल नाही. बोटांना धक्का जाणवून तो मेंदूपर्यंत पोचण्यास जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात चेंडू जाळे सोडून बराच पुढे गेलेला असतो. खेळाडू ताण ओळखतो तो मुख्यतः आवाजावरून आणि चेंडू कोठे पडला यावरून. घट्ट तारांचा आवाज उंच पट्टीचा, सैल तारांचा खालच्या पट्टीचा असतो. तारांत अडकविलेल्या रबरी तुकड्याने हा आवाज बदलतो. पण ताण बदलत नाही व चौकटीचा धक्काही कमी होत नाही.

निवड : चौकटीवर छापलेला पल्ला, उदा., ५० ते ६० पौंड (सु. २२·५ ते २७ किग्रॅ.), हा आरंभबिंदू मानावा. हा पल्ला सामान्यतः नायलॉन डोळ्यांसमोर ठेवून दिलेला असतो. नवख्या खेळाडूने नायलॉनचा बहुतंतू धागा पल्ल्याच्या मध्यावर किंवा किंचित खाली बसवून घ्यावा. पॉलिएस्टर वापरावयाचे झाल्यास सु. दहा टक्के ताण कमी करावा. छापलेल्या वरच्या मर्यादेच्या पलीकडे जाऊ नये, कारण तेथे चौकटीच्या सुरक्षिततेचा प्रश्न येतो. खालच्या मर्यादेखाली जाण्याने चौकटीला अपाय होत नाही. बॅडमिंटन खेळणाऱ्यांनी तेथील आकडे विसरावेत. त्या रॅकेटीला ९ ते १३ किग्रॅ. ताण पुरतो, पण तेथे फूल काही ग्रॅमांचे असते.

त्यानंतर बदल एकेक किलोग्रॅमचा व एका वेळी एकच करावा. पूर्ण झोकाने मारलेले चेंडू सातत्याने बाहेर जात असतील व खेळाडू त्यामुळे हात आखडता घेत असेल, तर ताण वाढवावा. चेंडू जाळीत किंवा आखूड पडत असतील व खोली गाठण्यासाठी हिसडा द्यावा लागत असेल, तर तो कमी करावा. ज्याचा झोका लांब व वेगवान आहे त्याला अधिक ताण पेलवतो. आखूड झोक्याच्या, वयस्क किंवा दुहेरीत जाळीजवळ खेळणाऱ्या खेळाडूला सैल तारा अधिक लाभतात. क्लबच्या पातळीवरील बहुतेक खेळाडूंचा ताण गरजेपेक्षा अधिकच असतो, असे निरीक्षण आहे. चेंडू ताब्यात राहतो तोवर ताण उतरवीत जावे, हा त्यांच्यासाठी सुरक्षित मार्ग होय.

हवेचाही विचार करावा लागतो. उष्ण दिवशी चेंडू अधिक उसळतो व तारा मऊ पडतात. उंच ठिकाणी हवा विरळ असल्याने चेंडूचा वेग कमी घटतो. माद्रिद समुद्रसपाटीपासून सु. ६५० मी. उंचीवर आहे, तेथील स्पर्धेत चेंडू लांब जातात हे प्रसिद्ध आहे. पुणे सु. ५६० मी. उंचीवर असून तेथील हवा मुंबईच्या मानाने सु. ५ टक्क्यांनी विरळ असते. २०१८ ते २०२३ या काळात बालेवाडी येथे भरलेल्या महाराष्ट्र खुल्या स्पर्धेसाठी समुद्रकाठच्या शहरांतून येणाऱ्या खेळाडूंना हा फरक जमेस धरावा लागे. अशा वेळी अर्धा ते एक किग्रॅ. ताण वाढविणे पुरेसे होते. १,२१९ मी. हून अधिक उंचीवरील मैदानांसाठी नियमांत वेगळ्या चेंडूचीच तरतूद आहे. मातीच्या मैदानावर तारांच्या छेदांत बारीक कण शिरून कानशीसारखे काम करतात; तेथे थोडी जाड, १·३० मिमी. व्यासाची तार परवडते.

हाताची काळजी : कोपराच्या बाहेरच्या बाजूस मनगट उचलणाऱ्या स्नायूंच्या कंडरा जेथे हाडाला जुळतात, तेथे होणाऱ्या वेदनामय विकाराला ‘टेनिस एल्बो’ म्हणतात. तो टेनिस न खेळणाऱ्यांनाही होतो. क्रिकेटपटू सचिन तेंडुलकर यांना २००४ मध्ये त्यामुळे खेळापासून दूर राहावे लागले व २००५ मध्ये शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. टेनिसमध्ये याचे मूळ बहुधा चुकीच्या बॅकहँडमध्ये, न मानवणाऱ्या मुठीत किंवा एकाएकी वाढविलेल्या सरावात असते. सारा दोष तारांना देणे बरोबर नाही. परंतु ताठ ग्रॅफाइटची चौकट, ताठ पॉलिएस्टर आणि भारी ताण ही तिन्ही एकत्र आली की मध्यबिंदूपासून चुकलेल्या प्रत्येक चेंडूचा हिसका अधिक तीव्रतेने कोपराशी पोचतो. दुखणे सुरू होताच पहिला उपाय म्हणजे पॉलिएस्टर काढून मऊ बहुतंतू धागा किंवा तात लावणे. दुसरा, ताण दोन किग्रॅ. नी उतरविणे. हाच क्रम ठेवावा, कारण जोराच्या फटक्यात पदार्थाचा प्रभाव ताणापेक्षा अधिक असतो हे वर पाहिलेच आहे.

मुलांच्या बाबतीत अधिक सावध राहिले पाहिजे. बारातेरा वर्षांच्या मुलाची हाडे वाढीच्या अवस्थेत असतात व त्याच्या झोक्यात उभ्या तारा सरकवून परत आणण्याइतका वेग क्वचितच असतो. पॉलिएस्टरचा लाभ त्याला मिळत नाही, त्रास मात्र पुरता मिळतो. तरीही दूरदर्शनवर पाहिलेल्या विजेत्याची तार आणि त्याचाच ताण मुलासाठी मागणारे पालक दुकानातून नेहमी दिसतात. त्या विजेत्याच्या रॅकेटी सामन्यागणिक नव्याने विणल्या जातात, एका सामन्यात तो त्यांतील कित्येक बदलतो आणि स्नायूंची देखभाल करणारा माणूस त्याच्याबरोबर असतो. आपल्याकडील मूल तीच तार सहा महिने वापरते.

तारा केव्हा बदलाव्यात याविषयी आठवड्यातून जितके दिवस खेळ तितक्या वेळा वर्षातून, असा एक ढोबळ संकेत आहे. नायलॉनला तो ठीक लागू पडतो. पॉलिएस्टरला अपुरा पडतो, कारण नियमित खेळणाऱ्याच्या हाती ती तार काही आठवड्यांतच निर्जीव होते. तारेचे नाव व जाडी, यंत्रावरील ताण आणि तारा बसविल्याची तारीख कागदाच्या चिठ्ठीवर लिहून ती रॅकेटच्या गळ्याशी आतल्या बाजूस चिकटवावी. पुढच्या वेळी ‘किती पौंड?’ असे विचारले गेल्यास निदान मागचा आकडा व त्या आकड्याने चेंडू कोठे पडत होता, हे दोन्ही सांगता येते.